झाड क्रमांक सतरा

शनिवारी संध्याकाळी सात वाजता
पडद्यावर आधी छत दिसतं,
मग पंख्याचं एक पातं,
मग हर्षाली खैरनारचं अर्धं कपाळ.
"मॅडम, येतोय का आवाज?"
येतोय.
सातपूरच्या त्या गल्लीतली पिठाची गिरणीसुद्धा
ऐकू येते मला इथे, डेहराडूनला.

नववी ब. संशोधन प्रकल्प.
जोडीला अदनान पिंजारी, जो बोलत नाही,
फक्त वही कॅमेऱ्यासमोर धरतो
इतकी जवळ की अक्षरांचं धुकं होतं.

पहिल्या भेटीत मी लायकेन म्हणाले,
बुरशी आणि शैवालाचा एकत्र संसार वगैरे,
हवा बिघडली की आधी हेच उठून जातं वगैरे.
हर्षाली स्वतःच उठून गेली.
परत आली ती मसाल्याचा डबा घेऊन.
"हे? दगडफूल?"
तेच गं.
वीस वर्षं ज्याच्यावर मी निबंध लिहिले
त्याला तेलात टाकल्यावर वास सुटतो
हे माझ्या एकाही निबंधात नाही.

अदनानच्या अब्बांच्या दुकानातला गादी शिवायचा दोरा,
चार काड्या, शंभर चौकोनांची चौकट.
ती खोडावर धरायची, छातीच्या उंचीला.
"कुणाच्या छातीच्या, मॅडम?"
अदनान तिच्याहून वीतभर उंच आहे.
मी हसले, आणि मग हसायची थांबले.
एक मीटर तीस, म्हटलं. काठीवर खूण करा.

पपया नर्सरीपासून गंगापूर गावापर्यंत चाळीस झाडं,
कारखान्यांकडची वीस, नदीकडची वीस.
सायकल एक. डबलसीट.
वॉचमन विचारायचे, काय मोजता रे?
हर्षाली सांगायची, डाग.

सतरावा आंबा कंपनीच्या भिंतीलगत.
ऑगस्टात एकतीस चौकोन भरलेले.
नोव्हेंबरात एकतीस.
दगडफुलाला घाई नसते.
जानेवारीत तक्त्यात शून्य.

मी रागावलेच. एकतिसाचं शून्य एवढ्यात कसं होईल?
"झाडच तोडलं मॅडम. भुसा होता नुसता. ओला."
मग शून्य नाही लिहायचं, मी म्हणाले,
माझ्या त्या वर्गातल्या आवाजात.
शून्य म्हणजे आपण पाहिलं आणि नव्हतं.
रिकामी चौकट म्हणजे पाहताच आलं नाही.
दोन्हींत फार फरक असतो.

गिरणी चालू होती.
हर्षालीने पेनाचं टोपण लावलं, काढलं.
आणि पाच महिन्यांत पहिल्यांदा
अदनान बोलला, पडद्याच्या बाहेरून:
"पण आम्ही पाहिलं ना. गेलो होतो.
नव्हतं."

याला उत्तर आहे, मला माहीत आहे,
पुस्तकात दीड पानाचं.
मला मात्र आठवत होता माझ्या प्रबंधातला
तक्ता सहावा, खालून तिसरी ओळ.
त्या दिवशी घाटातली एसटी चुकली होती.
वरच्या ओळीत चार होते, खालच्या ओळीत चार.
मधे मीही चार लिहिले.
कोणी विचारलं नाही.
पदवी मिळाली, पेढे वाटले.

ते मी त्यांना सांगितलं नाही.
म्हटलं, एक रकाना वाढवू या. शेरा.
आकडा नको तिथे, जे झालं ते लिहा.
"मराठीत चालेल?"
चालेल.
"गिरणीवाल्या काकांना सांगू का, सातला बंद ठेवा म्हणून?"
नको, असू दे.

बुधवारी तक्ता आला.
एकोणचाळीस ओळी नीट, दशांश चिन्हासकट.
सतराव्या ओळीत आकड्याची जागा कोरी
आणि शेवटी अदनानच्या बारीक, डावीकडे झुकलेल्या अक्षरात:

झाड नाही.
काठी बुंध्यावर उभी केली, खुणेला चौकट धरली.
शंभर चौकोनांत मागची भिंत दिसली.
भिंतीचा रंग नवीन आहे.